रिकाम्या खुर्चीशी बोलायला लावतात म्हणे, जाऊ का?

ताई, मी मूळची सांगलीची, सध्या स्टुटगार्टला असते. नवरा गाड्यांच्या कंपनीत, मी आयटीत, मुलगी सात वर्षांची. २०२१ च्या मे महिन्यात बाबा कोविडने गेले, मला जाता आलं नाही, शेवटचं बघितलं ते व्हिडिओ कॉलवर आणि त्यातही मधेच नेट गेलं. तेव्हा मी रडले नाही, सगळे म्हणाले किती खंबीर आहेस. आता वर्षभर सकाळी उठले की जबडा दुखतो, डेंटिस्टने रात्री दातांवर लावायला गार्ड दिलंय. मुलीवर उगाच ओरडते. आईचा फोन आला की पोटात गोळा येतो. आमची हाउसआर्ट्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणाली रिपोर्ट नॉर्मल आहेत, थेरपीचं बघ. ऑफिसमधली एक जर्मन मैत्रीण गेस्टाल्ट थेरपी घेते, तिथे समोर रिकामी खुर्ची ठेवून तिच्याशी बोलायला लावतात म्हणे. मला ऐकूनच कसंतरी झालं, असलं नाटक मला जमणार नाही. पण ती बदललीये हेही दिसतंय. हे नक्की काय असतं? माझं जर्मन यथातथाच, चालेल का? इन्शुरन्समध्ये बसतं का? आणि नवऱ्याला सांगू का, त्याला वाटतं मी उगाच जुनं उकरून काढतेय.
– स्टुटगार्टहून एक वाचक

अगं, आधी त्या खुर्चीचंच बघू, कारण तुझी गाडी तिथेच अडकलीये. खुर्ची असते, खोटं कशाला सांगू. पण पहिल्या दिवशी नसते, दर वेळी नसते, आणि बऱ्याच लोकांच्या अख्ख्या थेरपीत ती येतही नाही. मुळात ती गेस्टाल्टवाल्यांची स्वतःची पण नाही, मोरेनो नावाच्या माणसाच्या सायकोड्रामातून, म्हणजे प्रसंग नाटकासारखे करून बघायच्या थेरपीतून, उचललेली आहे. झालंय असं की सांगायला तेवढीच गंमतशीर गोष्ट मिळते, म्हणून ज्याला त्याला तीच सांगितली जाते. बाकीचा वेळ दोन माणसं समोरासमोर बसून बोलत असतात, आणि खरं काम त्या बोलण्यातच होतं.

आता तिथे होतं काय ते सांगते. समज तू गेलीस, बसलीस, आणि मला लिहिलंस तेच सांगितलंस, की बाबा गेले, जाता आलं नाही, पण आता ठीक आहे. आणि ‘ठीक आहे’ म्हणताना तू हसलीस. आपण हसतोच, समोरच्याला अवघड वाटू नये म्हणून. साधा काउन्सेलर कदाचित विचारेल की तुमचं बाबांशी नातं कसं होतं, लहानपण कसं गेलं. गेस्टाल्टवाली बहुतेक म्हणेल, हे सांगताना तू हसलीस, ते तुझ्या लक्षात आलं का? बास, एवढंच. तू म्हणशील हो का, सवय आहे मला. ती म्हणेल, तेच वाक्य न हसता परत म्हणून बघशील? तू म्हणायला जाशील आणि जमणार नाही, आवाज घशात अडकेल, दात एकमेकांवर घट्ट बसतील. मग ती विचारेल, आत्ता जबड्यात काय चाललंय? तुला वाटेल हा काय प्रश्न झाला. ती म्हणेल, सोडू नकोस, उलट जरा जास्तच आवळ, मुद्दाम, आणि बघ काय होतंय. या जबड्याला बोलता आलं असतं तर तो काय म्हणाला असता?

याचं उत्तर मला माहीत नाही, तिलाही माहीत नसतं, आणि ‘माहीत नाही’ असं ती मान्य करते ही मला या थेरपीतली सगळ्यात आवडणारी गोष्ट. कदाचित ‘मला यायचं होतं’ असं काहीतरी निघेल. कदाचित तिकडे फोन धरणाऱ्याबद्दलचा राग निघेल, की त्याने तो नीट धरला नाही. कदाचित काहीच निघणार नाही आणि तू म्हणशील मला हे सगळं बावळटपणाचं वाटतंय, तर मग त्या बावळट वाटण्यावर बोलणं होईल. तुला त्यावर राग आला तर तोही चालतो, तिच्यासमोर तिच्यावर चिडलीस तरी चालतं, कारण बाहेर तू रागाचं काय करतेस ते तेव्हाच तर दिसतं.

म्हणजे ही थेरपी आत्ता, या खोलीत, या माणसासमोर तू काय करतेस ते बघते. जुनं निघतंच, पण ते आज तुझ्या अंगात कुठे आहे ते बघायला निघतं. तुझ्या नवऱ्याला जे वाटतंय ना, जुनं उकरणं, त्याचा नेमका उलटा प्रकार आहे हा. जुनं तू रोज रात्री दाताखाली चावतेच आहेस.

आता तुझ्या ‘खंबीर’बद्दल. तू सांगलीत असतीस तर काय झालं असतं विचार कर. एरवी आपल्याकडे कुणी गेलं की घरात माणसं येत राहतात, शेजारून पिठलंभात येतो, प्रत्येक जण आला की परत पहिल्यापासून विचारतो की कसं झालं, आणि आपण परत पहिल्यापासून सांगतो, दहाव्यापर्यंत ते इतक्यांदा सांगून होतं की सांगता सांगताच कधीतरी बांध फुटतो. एखादी आत्या गळ्यात पडून आपल्या आधी रडायला लागते. आपण त्याला कर्मकांड म्हणून नाकं मुरडतो पण त्यातलं अर्धं काम हेच असतं. कोविडमध्ये तिकडच्यांनासुद्धा हे मिळालं नाही, तुला तर अजिबातच नाही. तू कॉल कट झाल्यावर, माझा अंदाज आहे, मुलीला जेवायला घातलं असशील आणि दुसऱ्या दिवशी लॉगिन केलं असशील.

गेस्टाल्टमध्ये याला अपुरं राहिलेलं काम म्हणतात. १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक नावाच्या एका तरुण मुलीने प्रयोग केले होते, लोकांना छोटी छोटी कामं द्यायची आणि त्यातली काही मधेच थांबवायची, तर नंतर थांबवलेलीच कामं जास्त आठवत होती. तिचा पेपर १९२७ चा. नंतर इतरांनी करून बघितलं तेव्हा दर वेळी तसाच निकाल आला नाही हेही सांगायला हवं, विज्ञान म्हणून ते तेवढं पक्कं नाही. पण थेरपीवाल्यांनी यातली कल्पना उचलली, की जे पूर्ण व्हायचं राहिलं ते मागे धक्के देत राहतं, आणि दुःखाच्या बाबतीत तरी हे खोटं आहे असं मला अजून कुणी पटवू शकलेलं नाही.

दुसरी कल्पना गिळण्याची. लहानपणापासून आपल्याला घास न चावता भरवलेल्या गोष्टी असतात, मोठ्या मुलीने रडायचं नसतं, आईला त्रास होईल असं बोलायचं नाही, परदेशात गेलीस ना मग तक्रार करायची नाही. त्यातल्या काही चांगल्याही असतील, पण आपण त्या चावून, चव घेऊन, हवं ते ठेवून नको ते थुंकलेलं नसतं, अख्ख्या गिळलेल्या असतात. मग बाहेर काढायचा राग बाहेर काढता येत नाही तेव्हा तो आत वळतो, स्वतःवरच, कुणाची मान धरते, कुणाचं डोकं, कुणाचा जबडा. तुझ्या जबड्याचं कारण नक्की हेच असं मी इथे बसून म्हणणार नाही, दात खायची सवय ताणाशिवाय इतर कारणांनीही असते, गार्ड लावणं सोडू नकोस. पण डेंटिस्टने जे करायचं ते केलंय आणि तुझं पोट आईच्या फोनलाच का गोळा होतं याचं उत्तर त्या गार्डमध्ये नाही.

थोडी पूर्वपीठिका, कारण तू राहतेस तिथूनच जवळची आहे. या थेरपीचं नाव निघालं की फ्रिट्झ पर्ल्सचं नाव घेतात, १८९३ चा बर्लिनचा जन्म, फ्रॉइडच्या पद्धतीत शिकलेला डॉक्टर. पण त्याची बायको लॉरा, माहेरची लोरे पोस्नर, ती फोर्टझाइमची, म्हणजे तुझ्या स्टुटगार्टहून रेल्वेने तासभरही लागत नाही. पियानो वाजवायची, नृत्यातली जाण होती, मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेली. श्वास, बसण्याची पद्धत, अंगातला ताण याकडे बघणं यात बरंच तिचं आहे, घास चावण्यावरचा विचारही तिच्याच बाळांना भरवताना केलेल्या निरीक्षणातून आला, पण पुस्तकावर नाव नवऱ्याचं, हे काही आपल्याला नवीन नाही. ज्यू असल्याने १९३३ मध्ये दोघांना जर्मनी सोडावी लागली, हॉलंड, मग जोहान्सबर्ग, मग न्यूयॉर्क. तिथे १९५१ मध्ये पर्ल्स, हेफर्लाइन आणि पॉल गुडमन यांचं मूळ पुस्तक आलं. गंमत बघ, १९३६ मध्ये फ्रिट्झ दक्षिण आफ्रिकेहून युरोपात आला आणि मोठ्या आशेने फ्रॉइडला भेटायला गेला, तर फ्रॉइडने दारातच दोन-चार वाक्यांत कटवलं. हा माणूस म्हातारपणापर्यंत ते विसरला नाही. अपुऱ्या कामाबद्दल जगाला शिकवणाऱ्याचं स्वतःचं हे एक राहिलंच होतं.

पर्ल्सबद्दल अजून एक, कारण तू यूट्यूबवर शोधशीलच. १९६५ ची एक फिल्म आहे, ग्लोरिया नावाची बाई एकामागून एक तीन थेरपिस्टना भेटते, रॉजर्स, पर्ल्स आणि एलिस. त्यात पर्ल्स सिगरेट ओढत तिला सरळ ढोंगी म्हणतो, तू घाबरलीयेस म्हणतेस आणि हसतेस काय असं तोंडावर विचारतो. निरीक्षण एकदम बरोबर, पण पद्धत बघून मला त्याला खोलीबाहेर काढावंसं वाटतं. ते बघून या थेरपीबद्दल मत बनवू नकोस. साठच्या दशकातल्या कॅलिफोर्नियात त्याने सगळ्या ग्रुपसमोर एकेकाला हॉट सीटवर बसवायचा जो प्रकार केला त्याची छाप नावावर बसली ती बसलीच, पण लॉराची न्यूयॉर्कची परंपरा वेगळी होती आणि आजच्या बहुतेक गेस्टाल्ट थेरपिस्टचं काम तिच्याकडे जास्त झुकतं, जास्त संवादाचं, कमी झटापटीचं. आजही एखादा पर्ल्सची नक्कल करणारा भेटतो. भेटला तर उठून यायचं.

उपयोग होईल का, हा खरा प्रश्न. सीबीटीवर, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या थेरपीवर, जितका अभ्यास झालाय तितका गेस्टाल्टवर झालेला नाही, हे मान्य करूनच पुढे जाऊ. पण गंमत म्हणजे तुला ज्याची धास्ती आहे त्या खुर्चीवरच त्यातल्या त्यात चांगला अभ्यास आहे. कॅनडात लेस्ली ग्रीनबर्ग यांनी वर्षानुवर्षं तेच केलं, १९९५ मध्ये त्यांनी आणि सँड्रा पायव्हिओ यांनी जवळच्या माणसाशी हिशेब राहून गेलेल्या लोकांना घेऊन बघितलं, तर नुसती माहिती देणाऱ्या ग्रुपपेक्षा खुर्चीचं काम केलेल्यांना जास्त फरक पडला. त्यामुळे नाटक वाटतं म्हणून सोडू नकोस, पण जमणार नाही असं वाटत असेल तर तेच तिला सांग. चांगली थेरपिस्ट म्हणेल, नको तर नको. नाही म्हणता येणं हे इथे थेरपीचंच काम मानतात, आणि मला तर वाटतं की तुझ्यासारख्या मुलीने एखाद्या तज्ज्ञ माणसाला तोंडावर ‘मला हे नकोय’ म्हटलं तर तिथेच तिची फी वसूल झाली.

मग नॉर्मल कधी होणार, असं तू विचारशील. इथे आरनॉल्ड बायसर नावाच्या डॉक्टरचं १९७० मधलं म्हणणं सांगते. हा उत्तम टेनिस खेळायचा, पंचविशीत पोलिओ झाला आणि शरीर लुळं पडलं. त्याने लिहिलं की माणूस जे नाही ते व्हायला धडपडतो तोवर बदलत नाही, जे आहे ते पूर्णपणे होतो तेव्हा बदल सुरू होतो. ऐकायला प्रवचनासारखं वाटतं पण कामात अगदी व्यवहारी आहे. तू आत्ता चिडचिड न करणारी आई व्हायचा प्रयत्न करतेस, दर संध्याकाळी ठरवतेस, दर सकाळी बूट घालताना ते मोडतं. तिथे जाऊन तू आधी फक्त चिडलेली आई असशील, काय होतं नेमकं, हात कुठे असतात, आवाज कधी चढतो, त्याच्या आधीचा क्षण कुठला.

भाषेचं. जर्मन नको, इंग्लिशमध्ये काम करणारी शोध, स्टुटगार्टमध्ये मिळतात. पण बाबांशी तू इंग्लिशमध्ये बोलत नव्हतीस. म्हणून पहिल्याच भेटीत विचार की मधे मला मराठीत बोलायचं असलं तर चालेल का. ऐकायला विचित्र वाटेल पण बरेच जण स्वतःहून सुचवतात, की हे वाक्य तुझ्या भाषेत म्हण, मला शब्द कळले नाहीत तरी चालेल, मी तुझा आवाज ऐकेन, चेहरा बघेन, मग काय झालं ते सांग. ‘बाबा, मी येऊ शकले नाही’ हे तू मराठीत म्हणशील तेव्हा त्याचं वजन तुलाच कळेल. पुण्या-मुंबईतली कुणी ऑनलाइन घेत असेल तर तोही मार्ग आहे, साडेतीन-साडेचार तासांचा फरक सांभाळता येतो, पण या थेरपीत तुझी बसण्याची पद्धत, पायाची हालचाल हे सगळं लागतं आणि स्क्रीनवर खांद्याच्या खालचं दिसत नाही, त्यामुळे जमत असेल तर समोर बसून कर.

पैशाचं आता जरा नीट वाच. जर्मनीत सरकारी क्रांकनकासे, म्हणजे आरोग्य विमा, ठरावीक पद्धतींचेच पैसे देते, बिहेविअर थेरपी, सायकोॲनालिसिस, त्यावर आधारलेली दुसरी पद्धत, आणि २०२० पासून मोठ्यांसाठी सिस्टिमिक, म्हणजे कुटुंब आणि नात्यांकडे बघणारी. गेस्टाल्ट त्यात नाही. शेजारच्या ऑस्ट्रियात ती कायद्याने मान्य पद्धत आहे, सीमेच्या या बाजूला नाही, आता काय बोलणार. म्हणजे बहुतेक खिशातून, साधारण ८० ते १२० युरो एका सेशनला, शहर आणि माणूस बघून कमीजास्त. प्रायव्हेट इन्शुरन्स असेल तर तुझा टॅरिफ काय म्हणतो ते लेखी विचार. एक पळवाट म्हणजे काही परवानाधारक सायकोथेराप्यूट कासेवर दुसऱ्या पद्धतीने काम करतात पण गेस्टाल्टचं शिक्षण घेतलेले असतात, ते त्यांच्या कामात उतरतंच, त्यामुळे शोधताना हे मुद्दाम विचार.

आणि गेस्टाल्ट करणारे खूप जण तिथे हाइलप्राक्टिकर असतात, म्हणजे आरोग्य खात्याची परीक्षा देऊन परवाना मिळतो, पण ती परीक्षा थेरपी किती चांगली येते याची नसते. त्यातले काही फार चांगले असतात, काही वीकेंड वर्कशॉपवाले. फरक कळायला साधा प्रश्न, तुमचं गेस्टाल्टचं ट्रेनिंग कुठे, किती वर्षं, आणि अजून सुपरव्हिजन घेता का, म्हणजे अनुभवी माणसाला आपलं काम दाखवता का. युरोपियन असोसिएशन फॉर गेस्टाल्ट थेरपीचं सर्टिफिकेट असेल तर किमान चार वर्षांचं शिक्षण झालेलं असतं. या प्रश्नावर कुणी नाराज झालं तर बरंच झालं, लवकर कळलं.

हे करताना दुसरं दार पण ठोठावून ठेव. ११६११७ वर फोन करून कासेच्या सायकोथेरपीच्या श्प्रेखश्टुंडंचा, म्हणजे पहिल्या तपासणी-भेटीचा, टर्मिन (अपॉइंटमेंट) माग, हाउसआर्ट्स्टच्या चिठ्ठीची गरज नसते. तिथे परवानाधारक माणूस बघून सांगेल की हे साधं अडकलेलं दुःख आहे की डिप्रेशन, आणि तसं लिहिलेला पीटीव्ही ११ नावाचा कागद देईल. ते कळल्याशिवाय खिशातले पैसे घालायला मी सांगणार नाही. झोप पूर्ण उडालीये, खाणं बंद झालंय, जगण्यात अर्थ नाही असे विचार येतायत, किंवा कुणाला आवाज ऐकू येतात, भलताच उत्साह चढलाय, तर गेस्टाल्ट ही पहिली पायरी नाही, आधी सायकिॲट्रिस्ट. चालू गोळ्या कुणा थेरपिस्टच्या सांगण्यावरून बंद करायच्या नाहीत. जिवावरचा विचार आला तर ११२, किंवा नुसतं बोलायला ०८००१११०१११, तो फुकट आणि दिवसरात्र असतो. हे महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी पण, तुमच्यासाठी टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलतात. आणि आपल्याकडे गेस्टाल्ट शिकलेले थेरपिस्ट मोठ्या शहरांत सापडतात पण ‘काउन्सेलर’ ही पाटी कुणीही लावतं, तेव्हा वरचे ट्रेनिंगचे प्रश्न तिथे दुप्पट जोरात विचारा.

एक विनंती, मैत्रिणीचं ऐकून घरी एकटीने खुर्ची मांडून बसू नकोस. ती समोर माणूस असताना करायची गोष्ट आहे, मधे थांबवणारं, पाणी देणारं, आत्ता कुठे आहेस विचारणारं कुणीतरी लागतं. तोवर काही करायचंच असेल तर आईचा फोन वाजला की उचलायच्या आधी दोन रिंग जाऊ दे आणि फक्त बघ, श्वास कुठे थांबलाय. बदलू नकोस काही. बघितलंस की उचल. पहिल्या टर्मिनला सांगायला तुझ्याकडे काहीतरी खरं असेल.

नवऱ्याला सांग. पटवायला जाऊ नकोस, वाद होईल, फक्त सांग की मी अमुक दिवशी जाणार आहे, महिन्याला एवढे पैसे जातील, मुलीला त्या दिवशी तू आण. मी सेशनहून आले की ‘मग काय म्हणाली ती’ असं लगेच विचारू नकोस हेही त्याला आधीच सांगून ठेव, तू आपणहून सांगशील तेव्हा सांगशील. आणि सकाळी दहाचा टर्मिन देतील तर घेऊ नकोस, साडेअकराच्या मीटिंगला तोंड धुऊन कॅमेरा ऑन करणं होणार नाही. शुक्रवार दुपारचा माग.